थायमिन डायमर आणि एक पिकोसेकंद: अतिनील किरणांनी डीएनएला होणाऱ्या इजेचा प्रकरण अभ्यास

फेब्रुवारी २००७ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात पाच पानांचा एक शोधनिबंध आला. अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठाचे रसायनशास्त्रज्ञ बर्न कोलर आणि म्युनिकच्या लुडविग माक्सिमिलियन विद्यापीठातील वोल्फगांग झिन्ट, पीटर गिल्च व थॉमस कारेल यांच्या गटांचे हे एकत्र काम होते. लेखकांत पहिले नाव वोल्फगांग श्रायर यांचे. निष्कर्ष असा: अतिनील किरण शोषल्यानंतर साधारण १ पिकोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या एक लाख कोटीव्या भागात, डीएनएमधील शेजारच्या दोन थायमिनांची (थायमिन म्हणजे डीएनएच्या चार बेसांपैकी, म्हणजे ‘अक्षरां’पैकी, एक) कायमची गाठ बसून गेलेली असते.

हा आकडा तेव्हापासून वर्गात, व्याख्यानांत आणि वृत्तपत्रांत खूप फिरला. ‘इजा किती झटपट होते पाहा’ एवढाच अर्थ बहुतेक ठिकाणी काढला जातो. तो अपुरा आहे. या आकड्याचे खरे मोल वेगळ्या प्रश्नात आहे: कोणत्या थायमिनांची गाठ बसणार हे प्रकाश पडल्यावर ठरते की आधीच? त्या दृष्टीने हे प्रकरण तपशिलात पाहण्यासारखे आहे, कारण त्यात मोजमापाची कसरत आहे आणि मोजलेल्या आकड्यावरून तर्क करताना पाय घसरण्याची एक जागाही आहे.

प्रश्न कुठे अडला होता

थायमिनच्या सहा अणूंच्या कड्यात पाचव्या आणि सहाव्या कार्बनमध्ये द्विबंध असतो. एकाच साखळीत दोन थायमिन शेजारी असतील, त्यांपैकी एकाने अतिनील कण शोषला आणि दोघांचे हे द्विबंध समोरासमोर असतील, तर ते उघडून दोन कड्यांमध्ये दोन नवे एकेरी बंध तयार होतात. मधे चार कार्बनचे चौकोनी कडे बनते. हाच सायक्लोब्युटेन डायमर. सायटोसिनही अशा गाठीत अडकू शकते, आणि उत्परिवर्तनाच्या दृष्टीने ते जास्त घातक ठरते: गाठीतल्या सायटोसिनमधील अमिनो गट गळून पडतो, मग नक्कल करताना त्याच्यासमोर चुकीचा बेस बसतो आणि सायटोसिनच्या (सी) जागी थायमिन (टी) येतो. त्वचेच्या कर्करोगांत सीसीच्या जागी टीटी असे जे जोडबदल सापडतात, ते या इजेची खूण मानले जातात. अभ्यासासाठी मात्र थायमिनची जोडी सोयीची. तिची गाठ पक्की असते आणि तिचे उत्पादन, म्हणजे शोषलेल्या प्रकाशकणांमागे किती डायमर बनतात ते प्रमाण, मोजता येते.

कोलर यांच्या गटाने २००० साली दाखवले होते की पाण्यात सुट्या असलेल्या न्यूक्लिओसाइडची (बेस आणि त्याला जोडलेली साखर) उत्तेजित अवस्था १ पिकोसेकंदाच्या आतच विझते. शोषलेली जवळजवळ सगळी ऊर्जा उष्णता होऊन पाण्यात जाते. डीएनए उन्हात टिकून राहतो त्यामागे हे मोठे कारण आहे. पण मग प्रश्न पडतो की उत्तेजित अवस्था इतकी अल्पजीवी असेल, तर रासायनिक अभिक्रियेला वेळ मिळतो कधी?

दोन उत्तरे समोर होती. एक, अभिक्रिया त्या अल्पजीवी अवस्थेतूनच होत असावी; तिला सिंग्लेट म्हणतात, कारण तिच्यात इलेक्ट्रॉनांचे स्पिन परस्परविरुद्ध असतात. दुसरे, उत्तेजित रेणूंपैकी थोडे दीर्घायुषी ट्रिप्लेट अवस्थेत (जिथे दोन इलेक्ट्रॉनांचे स्पिन एकाच दिशेचे होतात) जातात आणि तिथून सवडीने गाठ बसते. दुसऱ्या उत्तराला आधार होता: ॲसिटोनसारख्या रेणूने ऊर्जा थेट ट्रिप्लेटमध्ये पोचवली की डायमर तयार होतात, हे जुने ज्ञान होते. २००५ मध्ये फ्रान्सच्या साक्ले येथे मार्गे आणि मार्कोवित्सी यांनी २० थायमिनांच्या साखळीवर मोजून दाखवले की डायमर २०० नॅनोसेकंदांच्या आत पूर्ण होतो. पण २०० नॅनोसेकंद आणि १ पिकोसेकंद यांत दोन लाख पटींचे अंतर आहे. त्या पोकळीत कोणतीही यंत्रणा बसू शकत होती.

बर्फातला जुना पुरावा

उत्तराचा एक धागा १९६० पासून हाताशी होता. नेदरलँड्समधील डेल्फ्ट येथे बॉयकर्स आणि बेरेंड्स यांनी थायमिनचे पाण्यातील द्रावण अतिनील दिव्याखाली ठेवले तेव्हा फारसे काही घडले नाही. तेच द्रावण गोठवून ठेवले तेव्हा २६० नॅनोमीटरच्या आसपासचे शोषण झपाट्याने घसरले. बर्फ वितळवून पुन्हा किरण दिले की शोषण परत वाढू लागले. गोठलेल्या अवस्थेत तयार झालेला आणि द्रवात तुटणारा तो पदार्थ म्हणजे थायमिनचा डायमर, हे त्यांनी सिद्ध केले.

हा प्रयोग महाविद्यालयीन प्रयोगशाळेत करून पाहता येतो आणि करून पाहावा. १०० मिली पाण्यात १२.६ मिलीग्रॅम थायमिन विरघळवले की १ मिलीमोलर द्रावण होते. दहापट पातळ केल्यावर १ सेंमीच्या क्वार्ट्झ क्युव्हेटमध्ये २६४ नॅनोमीटरला शोषण ०.७९ च्या जवळ यायला हवे. द्रावणाचा साधारण २ मिमीचा थर काचेच्या उघड्या पेट्री थाळीत घेऊन फ्रीझरमध्ये पूर्ण गोठवा. थाळी मीठ-बर्फाच्या मिश्रणावर ठेवून १५ वॅटच्या जंतुनाशक दिव्याखाली १० सेंमीवर ठेवा. दर १५ मिनिटांनी एक थाळी काढा, पूर्ण वितळवा, नीट ढवळा, दहापट पातळ करा आणि शोषण वाचा. तुलनेसाठी न गोठवलेली थाळी तेवढाच वेळ त्याच दिव्याखाली हवी.

चुका नेहमीच्याच होतात. थाळीवर प्लास्टिकचे किंवा साध्या काचेचे झाकण राहिले तर २५४ नॅनोमीटरचा प्रकाश आत पोचतच नाही. दिव्याच्या उष्णतेने वरचा थर वितळला तर वर डायमर तुटतो आणि खाली बनतो, मग आकडे अडकून पडतात. थर जाड घेतला तर खालच्या भागाला प्रकाश मिळत नाही आणि न ढवळता घेतलेला नमुना फसवतो. हा दिवा डोळ्यांना आणि त्वचेला तीच इजा करतो जी आपण मोजायला निघालो आहोत. म्हणून दिवा लागण्याआधी अतिनीलरोधक पॉलिकार्बोनेटचा मुखवटा, हातमोजे आणि पूर्ण बाह्या हव्यातच.

बर्फाने काय केले? पाणी गोठताना शुद्ध बर्फाचे स्फटिक वेगळे होतात आणि थायमिन उरलेल्या फटींत ढकलले जाते. तिथे त्याचे रेणू एकावर एक रचले जातात. प्रकाश येतो तेव्हा शेजारी आधीच जागेवर असतो. पातळ द्रावणात १ पिकोसेकंदाच्या आयुष्यात दुसरा थायमिन भेटण्याची शक्यता शून्याच्या जवळ. बर्फात डायमरचा एकच भौमितिक प्रकार, सिस-सिन (दोन्ही कडी एकाच बाजूला आणि एकाच दिशेने), मिळतो. ॲसिटोन घालून द्रवात ट्रिप्लेट मार्गाने डायमर बनवले तर प्रकारांचे मिश्रण मिळते. डीएनएच्या दुहेरी साखळीतही मुख्यतः सिस-सिनच सापडतो. रचना आधी आणि प्रकाश नंतर, हे सूत्र इथे स्पष्ट दिसत होते. नव्हते ते वेळेचे मोजमाप.

मोजमापाची मांडणी

२००७ च्या प्रयोगासाठी १८ थायमिनांची एकेरी साखळी निवडली गेली. कारण सरळ आहे: तिच्यातल्या सतराही शेजारजोड्या थायमिन-थायमिनच्या आहेत, त्यामुळे एरवी क्षीण असणारा डायमरचा संकेत मिळेल तेवढा मिळतो. अशा साखळीत शोषलेल्या दर १०० प्रकाशकणांमागे दोन-तीन डायमर बनतात. तुलनेसाठी थायमिडिन मोनोफॉस्फेट, म्हणजे शेजारी नसलेला एकटा थायमिन, घेतला गेला.

उत्तेजनासाठी २७२ नॅनोमीटरचा अतिनील स्पंद, म्हणजे लेसरचा अत्यंत अल्पकाळाचा झोत, होता. पण डायमर ओळखायला अतिनील वर्णपट उपयोगाचा नाही. डायमरमध्ये द्विबंधच नाहीसा झाल्याने २६० ते ३०० नॅनोमीटरच्या पट्ट्यात त्याचे शोषण नगण्य होते. म्हणजे तिथे फक्त काहीतरी हरवलेले दिसते आणि ते कशामुळे हरवले हे कळत नाही. अवरक्त वर्णपटात मात्र कड्याची कंपने बदलतात आणि डायमरच्या स्वतःच्या खुणा उमटतात: सुमारे १३२०, १३५० आणि १४०० प्रति सेंटिमीटरला (अवरक्तात वारंवारिता या एककात सांगतात; पुढचे असे आकडेही त्यातलेच). मूळ थायमिनचे ठळक पट्टे १६०० ते १७०० च्या पट्ट्यात असतात. दोन्ही एकाच वेळी पाहता आले की काय गेले आणि काय आले याचा ताळा लागतो.

इथे पाणी आडवे येते. साध्या पाण्याचे वाकण्याचे कंपन १६४० च्या जवळ असते आणि थायमिनचे पट्टे त्याखाली बुडतात. म्हणून जड पाणी, म्हणजे हायड्रोजनच्या जागी त्याचे जड रूप ड्यूटेरियम असलेले पाणी, वापरावे लागते. त्याचे तेच कंपन १२०० च्या आसपास सरकते आणि १३०० ते १८०० ची खिडकी मोकळी होते. पण जड पाणी हवेतली ओल शोषते. एक हायड्रोजन आणि एक ड्यूटेरियम असलेल्या पाण्याचे कंपन १४५० च्या जवळ येते, नेमके डायमरच्या खुणांच्या शेजारी. त्यामुळे नमुना जड पाण्यात विरघळवून दोन-तीनदा गोठवून सुकवणे, बंद नळ्यांतून फिरवणे आणि प्रकाशमार्गावर कोरडी हवा किंवा नायट्रोजन सोडणे ही कामे टाळता येत नाहीत. शेवटचे विशेष महत्त्वाचे, कारण हवेतल्या बाष्पाच्या धारदार रेषा १४०० ते १८०० मध्ये पसरलेल्या असतात. पीएच मीटर जड पाण्यात ०.४ ने कमी दाखवतो, हेही लक्षात ठेवावे लागते. खिडक्या कॅल्शियम फ्लोराइड किंवा बेरियम फ्लोराइडच्या लागतात. काच दोन्ही टोकांना निरुपयोगी, क्वार्ट्झ अवरक्तात निरुपयोगी.

वेळ मोजली जाते ती अंतराने. उत्तेजक स्पंद आणि तपासणारा अवरक्त स्पंद एकाच लेसरमधून निघतात. एकाला जास्त लांबचा रस्ता दिला की तो उशिरा पोचतो. प्रकाश १ पिकोसेकंदात ०.३ मिमी जातो. जाण्या-येण्याचा रस्ता धरला तर आरसा ०.१५ मिमी मागे सरकवणे म्हणजे १ पिकोसेकंदाचा उशीर. ३ नॅनोसेकंदांपर्यंत जायचे तर आरसा ४५ सेंमी सरकतो आणि तेवढ्या प्रवासात किरण नमुन्यावरून केसभरही हलता कामा नये. तो हलला की संकेत हळूहळू वाढल्याचा किंवा घटल्याचा भास होतो, आणि डायमर नंतरही बनत राहतो का हा तर कळीचा प्रश्न. दोन्ही किरणांच्या ध्रुवीकरणांमध्ये ५४.७ अंशांचा कोन ठेवतात, म्हणजे रेणू फिरल्यामुळे होणारा बदल मोजमापात मिसळत नाही.

संकेत किती लहान, याचा हिशेब

या कामातली खरी अडचण समजून घ्यायची तर कागदावर हिशेब मांडावा. खालचे आकडे अशा प्रकारच्या प्रयोगाला साजेसे आम्ही धरलेले आहेत. मूळ निबंधातले म्हणून ते वाचू नयेत.

नमुन्याचा थर ०.१ मिमी धरू. त्यात २७२ नॅनोमीटरला शोषण १ हवे असेल, तर सुमारे १४ मिलीमोलर बेस लागतात, म्हणजे १८ च्या साखळ्या ०.८ मिलीमोलर. प्रत्येक स्पंदात ५ टक्के बेस उत्तेजित झाले आणि त्यांतले २ टक्के डायमर झाले, तर डायमरचे प्रमाण १४ मायक्रोमोलर. अवरक्त खुणेची मोलर शोषकता ३०० धरली तर शोषणातील बदल येतो सुमारे ०.००००४. एका स्पंदापासून दुसऱ्या स्पंदापर्यंत लेसर स्वतःच याहून खूप जास्त डळमळतो. म्हणून एकाआड एक उत्तेजक स्पंद अडवून फरक घेणे, तपासणाऱ्या किरणाचा एक भाग संदर्भ म्हणून वेगळा मोजणे आणि लाखो स्पंदांची सरासरी काढणे हाच मार्ग उरतो.

मग उत्तेजक स्पंद जास्त तीव्र का करू नये? ५ टक्के बेस उत्तेजित झाले म्हणजे १८ च्या प्रत्येक साखळीत सरासरी ०.९ प्रकाशकण. एकाच साखळीत दोन बेस एकदम उत्तेजित होणे आताच दुर्मीळ राहिलेले नाही. तीव्रता वाढवली की एकाच रेणूने दोन कण शोषणे, पाण्यातून इलेक्ट्रॉन सुटणे असे प्रकार सुरू होतात आणि त्यांचेही संकेत पिकोसेकंदातच उगवतात. म्हणून तीव्रता निम्मी करून संकेतही निम्माच होतो का, हे तपासल्याशिवाय कोणताही वर्णपट खरा मानू नये.

दुसरी बाजू नमुना खराब होण्याची. ०.१ मिमी व्यासाच्या ठिपक्यात सुमारे ६.६ लाख कोटी बेस असतात. वरच्या हिशेबाने एका स्पंदात त्यांतले हजारात एक या प्रमाणात डायमर बनतात. स्पंद सेकंदाला १००० असतील आणि द्रव स्थिर असेल, तर एका सेकंदात त्या ठिपक्यातला बहुतेक माल वापरून झालेला असतो. म्हणून द्रव सतत वाहता ठेवावा लागतो. एवढे करूनही दिवसभराच्या प्रयोगानंतर अतिनील वर्णपट घेऊन तुलना करणे आवश्यक. २६५ च्या जवळची घट डायमर सांगते. ३२५ नॅनोमीटरला नवा उंचवटा दिसला तर तो सहा-चार नावाच्या दुसऱ्या इजेचा असतो.

काय दिसले

अतिनील स्पंदानंतर लगेच १६०० ते १७०० मधले थायमिनचे पट्टे फिके पडतात, कारण बरेच रेणू मूळ अवस्थेत नसतात. पुढच्या काही पिकोसेकंदांत ते बहुतांशी परत येतात. परत आलेले रेणू सुरुवातीला अत्यंत तप्त असतात. २७२ नॅनोमीटरचा एक कण ४.५६ इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा देतो. तेवढी ऊर्जा एका लहान कड्याच्या कंपनांत साठली तर त्याचे तापमान हजार केल्विनच्या घरात जाते. तापलेल्या रेणूचे पट्टे रुंद होतात आणि कमी वारंवारितेकडे सरकतात. ही सरकलेली शेपटी निवेपर्यंत वर्णपट गढूळ असतो, आणि डायमरच्या खुणा नेमक्या त्याच काळात शोधायच्या असतात.

एकट्या थायमिनची तुलना इथे कामी आली. तोही तसाच तापतो, तसाच निवतो, पण त्याला शेजारी नाही. दोन्हींचे वर्णपट शेजारी ठेवले की निवण्याचा भाग ओळखू येतो. १८ च्या साखळीत १३०० ते १४०० च्या पट्ट्यात ज्या खुणा उरतात, त्या एकट्या थायमिनमध्ये नाहीत. त्यांचा आकार दिव्याखाली बराच वेळ ठेवलेल्या साखळीच्या साध्या अवरक्त वर्णपटाशी जुळतो. त्या सुमारे १ पिकोसेकंदात उगवतात आणि नंतर वाढत नाहीत. हे शेवटचे निरीक्षण पहिल्याइतकेच मोलाचे आहे: ट्रिप्लेट मार्गाचा मोठा वाटा असता, तर पुढच्या नॅनोसेकंदांत खुणा ठळक होत गेल्या असत्या.

आकडा काय सिद्ध करतो आणि काय नाही

पाय घसरण्याची जागा ही. नेहमी ऐकू येणारा युक्तिवाद असा: डायमर १ पिकोसेकंदात बनतो, तेवढ्या वेळात बेस फिरून जागा बदलू शकत नाहीत, म्हणून जे आधीच योग्य स्थितीत होते तेच जुळले. निष्कर्ष बरोबर आहे, पण १ पिकोसेकंदाच्या आकड्यातून तो एकट्याने निघत नाही.

समजा सगळ्या जोड्या अगदी सारख्या आहेत. प्रत्येक उत्तेजित जोडीपुढे दोन वाटा: विझणे किंवा गाठ बसणे. विझण्याचा वेग पिकोसेकंदाला १ आणि गाठीचा वेग त्याच्या पन्नासावा भाग धरला, तर उत्पादन सुमारे २ टक्के येईल. आता डायमर किती वेळात उगवताना दिसतील? ५० पिकोसेकंदांत नव्हे, १ पिकोसेकंदातच. कारण पदार्थ उगवण्याचा काळ हा उत्तेजित अवस्थेच्या एकूण आयुष्याचा असतो. उत्तेजित रेणू संपले की नवे डायमरही थांबतात. म्हणजे १ पिकोसेकंद आणि २ टक्के ही जोडी दोन वेगळ्या चित्रांत बसते: सगळ्या जोड्यांना सारखीच थोडी संधी, किंवा थोड्या जोड्यांना जवळजवळ खात्रीची संधी आणि बाकीच्यांना काहीच नाही.

वेळेच्या मोजमापाने ठामपणे सिद्ध होते ते एवढे: डायमर अल्पजीवी अवस्थेतून येतो, दीर्घायुषी अवस्थेतून नाही, आणि वाटेत मोठा ऊर्जेचा उंबरठा नाही. दुसऱ्या चित्राची बाजू निबंधाच्या लेखकांनी घेतली ती प्रस्ताव म्हणून. सारांशातही कमी उत्पादनाचे हे कारण ‘सुचवले’ आहे असाच शब्दप्रयोग आहे. तो प्रस्ताव उचलून धरणारे पुरावे वेगळ्या दिशांनी आले, आणि आमच्या मते या प्रकरणाचा सर्वांत समृद्ध भाग तोच.

रचनेचे साक्षीदार

दुहेरी डीएनएच्या नेहमीच्या बी रूपात शेजारचे बेस ३.४ अँग्स्ट्रॉम अंतरावर असतात, पण एकमेकांपासून सुमारे ३६ अंशांनी वळलेले. गाठीसाठी दोन द्विबंध जवळ हवेत आणि जवळजवळ समांतर हवेत. म्हणजे सरासरी रचनेत गाठ बसत नाही. साखळी थरथरताना क्षणभर वळण कमी झाले आणि नेमका तेव्हा प्रकाशकण आला तरच बसते. २००८ मध्ये कोलर यांच्या गटाने दोन थायमिनांच्या तुकड्याच्या संगणकीय प्रतिकृती चालवून अंतर आणि वळण यांच्या मर्यादा ठरवल्या आणि त्या मर्यादांत बसणाऱ्या क्षणचित्रांचे प्रमाण प्रत्यक्ष उत्पादनाशी ताडून पाहिले. डीएनएच्या कण्यातील साखरेचा आकार रासायनिकरीत्या जखडून ठेवलेल्या तुकड्यांत उत्पादन बदलते, हेही वेगवेगळ्या गटांनी दाखवले.

१८ च्या एकेरी साखळीत उत्पादन दुहेरी डीएनएपेक्षा बरेच जास्त का, याचेही उत्तर इथेच आहे. थायमिनची एकेरी साखळी लवचीक असते, बेस नीट रचलेले नसतात. पण दुहेरी साखळी ज्या स्थितीत जाऊ देत नाही, तिथेही तिला जाता येते. व्यवस्थित रचना म्हणजे जास्त गाठी असे समीकरण बर्फावरून मनात बसले असेल तर ते सोडून द्यावे. योग्य स्थिती हवी. व्यवस्थितपणा त्या स्थितीच्या आडही येऊ शकतो.

जिवाणूंच्या बीजाणूंत हे ठळक दिसते. बॅसिलस सबटिलिसच्या बीजाणूत डीएनए कोरडा असतो आणि लहान प्रथिनांनी वेढलेला, त्यामुळे त्याचे रूप बीऐवजी ए या दुसऱ्या रूपाकडे झुकते. तिथे अतिनील किरणांनी सायक्लोब्युटेन डायमर जवळजवळ बनतच नाही. बनतो तो वेगळाच पदार्थ, स्पोअर फोटोप्रॉडक्ट, आणि तो दुरुस्त करणारे विकर बीजाणू अंकुरताना तयार असते. बेस तेच आणि प्रकाश तोच असूनही रचना बदलल्याने इजा बदलली.

मानवी पेशीत डीएनए हिस्टोन प्रथिनांच्या गोळ्याभोवती गुंडाळलेला असतो. गेल, निसेन आणि स्मर्डन यांनी १९८७ मध्ये दाखवले की अशा डीएनएत डायमर सरसकट बसत नाहीत, सरासरी १०.३ बेसच्या अंतराने त्यांची शिखरे येतात, जिथे साखळी बाहेरच्या बाजूला असते. वळणावर बेस एकमेकांजवळ येणे किंवा दूर जाणे याचा तो ठसा आहे. याहून अलीकडचे, २०१८ चे उदाहरण ईटीएस गटाच्या नियामक प्रथिनांचे: ही प्रथिने डीएनएला चिकटतात तेव्हा ठरावीक ठिकाणचे दोन बेस गाठीस पोषक स्थितीत येतात, तिथे इजा कित्येक पटींनी वाढते आणि मेलानोमात (त्वचेच्या एका कर्करोगात) त्याच जागी वारंवार उत्परिवर्तने सापडतात. याचा थेट परिणाम कर्करोगाच्या जनुकवाचनावर होतो. एखादी जागा अनेक रुग्णांत बदललेली दिसली म्हणजे तो बदल कर्करोगाला पोसतो असे मानायची सवय आहे. इथे ती जागा केवळ इजेला सोयीची असू शकते.

मर्यादा

२७२ नॅनोमीटरचा प्रकाश जमिनीवरच्या उन्हात नसतो. ओझोनमधून गाळून आलेल्या उन्हात सुमारे २९५ नॅनोमीटरच्या खाली काहीच उरत नाही. डायमर उन्हानेही तोच बनतो, पण शोषण कुठे होते आणि किती होते हे बदलते. प्रयोगशाळेतले उत्पादन उचलून उन्हाच्या मात्रेशी गुणणे चूक आहे. शिवाय डायमर २४० नॅनोमीटरच्या आसपासच्या प्रकाशाने तुटतोही. सेटलो दांपत्याने १९६२ मध्ये याचाच वापर केला होता: २८० ने डीएनएची जैविक क्षमता घालवली, २३९ ने काही अंशी परत आणली, आणि इजेचे कारण डायमर आहे हे दाखवले. जंतुनाशक दिव्याच्या २५४ नॅनोमीटरला बनणे आणि तुटणे दोन्ही चालते, म्हणून मात्रा वाढवत नेली तरी डायमरचे प्रमाण एका पातळीवर थांबते.

सहा-चार इजा या चित्रात बसत नाही. तिच्याकडे नेणारा मधला पदार्थ सुमारे ४ मिलीसेकंद टिकतो, असे साक्लेच्या त्याच २००५ च्या कामात आढळले. डायमरसाठी खरे असलेले वेळेचे विधान सगळ्या अतिनील इजांना लावू नये.

ट्रिप्लेटचा वादही २००७ नंतर लगेच मिटला नाही. २००९ मध्ये म्युनिकच्या गटाने दोन थायमिनांच्या तुकड्यांवर पुन्हा मोजून सिंग्लेट मार्ग प्रमुख असल्याचे दाखवले. थेट शोषणापुरते ते मान्य व्हायला हरकत नाही. पण ऊर्जा दुसऱ्या रेणूकडून येते तेव्हा ट्रिप्लेट मार्ग खरोखर चालतो. केटोप्रोफेनसारखी वेदनाशामके आणि लोमेफ्लॉक्सासिनसारखी प्रतिजैविके लांब तरंगलांबीचा अतिनील प्रकाश शोषून ती ऊर्जा थायमिनला देऊ शकतात. म्हणून त्वचेवर लावायच्या पदार्थाची चाचणी करताना तो अतिनील किती अडवतो एवढे मोजून भागत नाही. त्याच्या ट्रिप्लेट अवस्थेची ऊर्जा थायमिनच्या ट्रिप्लेटपेक्षा जास्त आहे का, हेही पाहावे लागते.

आणखी एक मार्ग तर प्रकाशाशिवाय चालतो. २०१५ मध्ये येल विद्यापीठातील डग्लस ब्रॅश यांच्या गटाने दाखवले की मेलानिन (त्वचेला रंग देणारे द्रव्य) असलेल्या पेशींत अतिनील किरण थांबल्यानंतरही तीन तासांहून जास्त काळ नवे डायमर बनत राहतात. किरणांमुळे सुपरऑक्साइड आणि नायट्रिक ऑक्साइड तयार होतात, ते मेलानिनच्या तुकड्यांना रासायनिकरीत्या उत्तेजित करतात आणि ती ट्रिप्लेट ऊर्जा अंधारात डीएनएपर्यंत पोचते. अशा पेशींवर काम करताना किरण दिल्याबरोबर घेतलेला एकच नमुना इजा कमी दाखवतो. पेशी अंधारात ठेवून पुढचे काही तास तासातासाने नमुने घ्यावे लागतात, आणि त्याच काळात पेशी डायमर कापून काढत असल्याने दुरुस्तीचा वेग वेगळा मोजून तो हिशेबात धरावा लागतो.